मुंबईत नव्याने येताय? माणसं उद्धट वाटतील, त्याआधी हे वाचा

जून 2011. लातूर एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मावसबहिणीचा पत्ता लिहिलेला कागद. पुलाचा जिना चढून वर आले आणि कागद नीट वाचावा म्हणून मधोमध थांबले. मागून एक बाई जवळजवळ ओरडल्याच, "ओ ताई, मध्ये काय उभ्या राहता? साइडला व्हा ना!" मी साइडला झाले आणि कठड्याला टेकून रडले. आमच्याकडे कुणी कागद हातात घेऊन इकडेतिकडे बघताना दिसलं की पारावरचे दोघंतिघं तरी उठून येतात. इथे कुणी मान वळवून बघतसुद्धा नव्हतं.

सहा वर्षांनी, 29 सप्टेंबर 2017 ला, दादरच्या शेजारच्याच एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर (आता त्याचं नाव प्रभादेवी आहे) चेंगराचेंगरी झाली. पाऊस पडत होता म्हणून लोक पुलावर थांबले होते आणि मागून गर्दी येत राहिली. 23 माणसं गेली. त्या संध्याकाळी मला ती बाई आठवली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता, पण ती मला जे सांगत होती ते खरं होतं.

गावाकडून मुंबईत नोकरीला, शिकायला, लग्न होऊन येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न हाच असतो: इथली माणसं अशी का वागतात? चौदा वर्षं डोंबिवली ते परळ प्रवास करून मला जे कळलं ते सांगते. पहिल्या दिवसापासून साधारण पहिल्या पावसाळ्यापर्यंत, ज्या क्रमाने प्रसंग येतात त्याच क्रमाने.

त्याआधी, शेवटच्या नंबराची गोष्ट

2006 मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाने जगातल्या 35 शहरांत सौजन्याची पाहणी केली होती. मागून येणाऱ्यासाठी कुणी दार धरून ठेवतं का, हातातले कागद सांडले तर उचलायला कुणी मदत करतं का, आणि खरेदी झाल्यावर दुकानदार आभार मानतो का, अशा तीन परीक्षा होत्या. न्यूयॉर्क पहिलं आलं आणि मुंबई शेवटची.

मुंबईकर अजूनही या निकालाने दुखावतात. मला स्वतःला ती परीक्षाच इथली वाटत नाही. आपल्या वाण्याच्या दुकानाला ढकलायचं दार नसतं, फळी असते. आणि मराठी घरात बहिणीने पाण्याचा तांब्या पुढे केला तर आपण 'धन्यवाद' म्हणत नाही. म्हटलंच तर ती विचारेल, आज काय झालंय तुला? आपल्याकडे आभार नजरेत असतात, मान हलवण्यात असतात, 'बरं झालं बाई' यात असतात. मुंबईचं सौजन्य शब्दांत शोधलंत तर हाती फार लागणार नाही. ते बघायचं असेल तर कोण कुणासाठी किती सरकतं ते बघा. या शहरात सगळ्यांत कमी काय असेल तर जागा आणि वेळ. त्यामुळे कुणी तुम्हाला चार बोटं जागा करून दिली किंवा अर्धं मिनिट दिलं, तर त्याने त्याच्याकडची महागातली वस्तू दिली असं समजा.

पहिला दिवस: विचारायचं कुणाला आणि कसं

सकाळी आठ ते अकरा या वेळात धावणाऱ्या माणसाला पत्ता विचारू नका. त्याची 8.42 ची लोकल चुकली तर पुढचा सगळा दिवस चुकतो. बसलेल्या माणसाला विचारा: पानाची टपरी, पेपरचा स्टॉल, इमारतीचा वॉचमन, रिक्षास्टँडवरचे काका. इस्त्रीवाल्याला त्या गल्लीतलं प्रत्येक घर माहीत असतं.

प्रश्न छोटा करा. "नमस्कार, मी लातूरहून आलेय, माझ्या मावसबहिणीकडे जायचंय, तिचे मिस्टर..." इतकं ऐकायला कुणी थांबणार नाही. "दादा, गणेश मंदिर कुठल्या साइडला?" एवढंच विचारा. उत्तरही तेवढंच येईल, बऱ्याचदा चालता चालता, हाताने दिशा दाखवून. माणूस थांबला नाही याचा राग धरू नका. त्याने सांगितलेली दिशा बहुतेक वेळा बरोबर असते.

पत्ता घेतानाच ईस्ट की वेस्ट हे विचारून घ्या. इथे बहुतेक स्टेशनांच्या दोन कुशींना दोन गावं असतात. चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढून परत यावं लागतं. आणि 'किती लांब आहे' असं विचारलंत तर उत्तर मिनिटांत येईल, किलोमीटरमध्ये नाही. 'पाच मिनिटं' म्हणजे मुंबईकराच्या चालीने पाच मिनिटं. तुम्ही दहा धरा.

पहिला आठवडा: लोकल

मुंबईची माणसं उद्धट आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांतल्या निम्म्यांचं मत लोकलच्या दारात बनलेलं असतं. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, स्लो की फास्ट, आणि गाडी किती डब्यांची हे दिसतं. ते वाचायला शिका. नाहीच कळलं तर शेजारी उभ्या असलेल्यांना विचारा, "ही घाटकोपरला थांबते ना?" लगेच दोनतीन जण सांगतील. डब्यावर पट्टे ओढलेले असतील तर चढण्याआधी बघा. तो महिलांचा, फर्स्ट क्लासचा किंवा अपंगांचा डबा असू शकतो. चुकून चढलात तर लोक ओरडतील, आणि टीसी आला तर दंड वेगळाच.

जवळ जायचं असेल तर गर्दीच्या वेळी लांबची फास्ट गाडी पकडू नका. संध्याकाळी अंधेरीला उतरायचंय आणि विरार फास्टमध्ये चढलात, तर दारातले लोक तोंडावर सांगतील, "मागची गाडी पकडायची ना!" हे ऐकायला फार लागतं. पण त्यांची बाजू ध्यानात घ्या. त्यांना विरारपर्यंत दीड तास असंच एका पायावर जायचंय, आणि त्यांना दुसरी गाडी नाही. तुम्हाला आहे. मध्य रेल्वेवर कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांचंही तेच.

चढण्याआधी पाठीवरची सॅक पोटावर घ्या. ओली छत्री पिशवीत घाला. आत शिरल्यावर दारात खांबाला धरून उभं राहायचा मोह होतो, हवा लागते म्हणून. पण दार ही उतरणाऱ्यांची जागा. तुमचं स्टेशन लांब असेल तर आत सरका, आणि दोन स्टेशनं आधीच उतरण्याच्या रांगेत या. त्या रांगेतलं बोलणं ठरलेलं असतं. पुढच्याच्या खांद्याला हलकेच हात लावून विचारायचं, "ठाणा उतरणार?" तो हो म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं. नाही म्हणाला की, "मग मला पुढे येऊ द्या." प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येईल हेही त्यालाच विचारा. एवढं विचारलंत की डब्याच्या दृष्टीने तुम्ही नवखे राहत नाही.

बसण्याचेही कायदे आहेत, कुठे लिहिलेले नाहीत पण सगळे पाळतात. तिघांच्या बाकावर चौथा बसतो. अर्धाच टेकतो, पण बसतो. तुम्ही खिडकीशी ऐसपैस बसलात आणि चौथी सीट मागणाऱ्याला सरकून दिली नाहीत, तर उद्धट तुम्ही ठरता. महिलांच्या डब्यात बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे?" ती म्हणते, "मुलुंड." मग, "जागा कुणाला सांगितलीय का?" नसेल सांगितली तर मुलुंडला ती जागा तुमची, आणि मध्ये कितीही गर्दी शिरली तरी ती बाई उठताना तुम्हालाच हाक मारते. मला हे फार मोलाचं वाटतं. एकमेकींचं नाव माहीत नाही, परत भेट होईल याची खात्री नाही, तरी दिलेला शब्द पाळला जातो.

मी सात महिन्यांची गरोदर असेपर्यंत लोकलने जात होते. एकदाही उभी राहिले नाही. कुणी गोड बोलून जागा दिली असंही नाही. "ए, उठ गं, दिसत नाही का तुला?" असं तिसरीच बाई चौथीवर खेकसायची आणि मला बसायला मिळायचं. मुंबईची माया अनेकदा अशी दुसऱ्यावर खेकसून व्यक्त होते. हळूहळू सवय होते, मग तिचा आधारही वाटू लागतो.

एक गोष्ट मात्र मी चालवून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. काही गाड्यांत रोजचे ग्रुप बाकंच्या बाकं अडवतात, नव्या माणसाला दारात रोखतात, टोमणे मारतात. ही घाई नाही, दादागिरी आहे. डबा बदला, आणि धक्काबुक्की झाली तर रेल्वेच्या 139 या नंबरवर कळवा. डब्याचा नंबर आतल्या भिंतीवर असतो, तो सांगा. मी दोनदा कळवलंय, आणि एकदा पुढच्या स्टेशनवर पोलीस आले होते.

रिक्षा, टॅक्सी, बस

थोडक्यात सांगते. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, तिकडे टॅक्सी. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आणि टॅक्सीचं 31 रुपये, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. रात्री बारा ते पहाटे पाच पाव पट जास्त. उपनगरांत रिक्षा मीटरने चालते, आणि सुटे दोन रुपये परत देणारे रिक्षावाले इथे मी रोज बघते. इतर गावांतून आलेल्यांना याचं आश्चर्य वाटतं.

'नाही' मात्र ऐकावं लागतं. मान न वळवता, गाडी न थांबवता. कधी गाडी जमा करायची वेळ झालेली असते, कधी गॅस भरायला रांगेत जायचं असतं, कधी जवळचं भाडं नको असतं. शेवटचं कारण नियमाबाहेरचं आहे. आजारी माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल आणि स्टँडवरच कुणी नकार दिला, तर आवाज न चढवता गाडीचा नंबर लिहून घ्या आणि चौकातल्या वाहतूक पोलिसाला दाखवा. एरवी पुढच्या रिक्षाला हात करा. शेअर रिक्षाला आणि बेस्टच्या बसला रांग असते. रांग मोडलीत तर जे ऐकून घ्यावं लागेल ते योग्यच असेल.

बोलणं: एकेरीचा राग धरू नका, पण मराठी सोडू नका

मराठवाड्यातून आलेल्या माणसाला इथलं 'तू' झोंबतं. भाजीवाला, बसचा कंडक्टर, ऑफिसातला शिपाई सगळेच 'काय पाहिजे तुला?' म्हणतात. मुंबईच्या बोलीत आदर क्रियापदात कमी आणि हाकेत जास्त असतो. ताई, काका, मावशी, दादा, भाऊ, बॉस. 'मावशी, तुझ्याकडे सुटे आहेत का?' यात तो 'मावशी' शब्द काम करतो. तुम्हीही हाक मारूनच बोलायला सुरुवात करा. हाक न मारता थेट 'हे कितीला?' म्हणणारा माणूस इथेही रुक्षच वाटतो.

दुसरं, तुम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येईल. पुष्कळदा समोरचाही मराठीच असतो. सवयीने बोलतो, तुम्हाला कमी लेखायला नव्हे. तुम्ही मराठीतच बोलत राहा. दोन वाक्यांत तो मराठीवर येतो, आणि 'तुम्ही कुठले?' असं विचारतो. माझ्या अर्ध्या ओळखी अशाच झाल्या. तुमच्या बोलीतलं 'करलालो', 'येऊलालो' ऐकून कुणी हसलं तर गप्प होऊ नका. ती तुमची भाषा आहे.

मासळीबाजारात पहिल्यांदा जाताना थोडं सावध राहा. कोळणी फटकळ बोलतात, कारण त्या पहाटे बंदराच्या धक्क्यावरून माल आणून उन्हात बसलेल्या असतात आणि दिवस संपायच्या आत तो विकावा लागतो. "वाटा कसा दिला, मावशी?" असं विचारा. घ्यायचं नसेल तर मासा हाताळू नका. सकाळी भवानीच्या वेळी भाव करून तसंच निघून जाऊ नका, ते फार लागतं त्यांना. दोनचार वेळा एकीकडूनच घेतलंत की 'आज पापलेट नको नेऊ, शिळं आहे' असं तीच सांगेल, हळू आवाजात.

पहिला महिना: घर

इथे मला काही गोष्टी अगदी स्पष्ट सांगायच्या आहेत, कारण घर शोधतानाचे अपमान नवी माणसं 'मुंबई अशीच आहे' म्हणून गिळतात.

घाईचं रूक्ष बोलणं वेगळं आणि माणसाला नाकारणं वेगळं. फोनवर पहिला प्रश्न 'आडनाव काय?' असा आला, 'नॉनव्हेज खाता का?', 'एकट्या मुलीला देत नाही', 'तुमच्या लोकांना सोसायटी परवानगी देत नाही' असं कुणी म्हणालं, तर तो शहराचा स्वभाव समजू नका. तो भेदभाव आहे. माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मैत्रिणीला केवळ आडनावावरून लागोपाठ सहा घरं नाकारली गेली. पगार माझ्याएवढाच, कागदपत्रं माझ्यासारखीच. सहाव्या वेळी ती म्हणाली, "मला ढकललं असतं तर चाललं असतं गं. यांनी हसत हसत नाही म्हटलं." हे वाक्य मी विसरलेले नाही.

मार्ग असे. ब्रोकरला पहिल्याच फोनवर सगळं खरं सांगा म्हणजे फेऱ्या वाचतील. 'सोसायटीचा नियम आहे' असं म्हणाले तर 'लेखी दाखवता का?' एवढंच शांतपणे विचारा. बऱ्याचदा असा लेखी नियम नसतोच. ऑफिसातल्या माणसांना सांगून ठेवा, कारण ओळखीतून मिळालेल्या घरात हे प्रश्न निम्म्याने कमी होतात. माझ्या मैत्रिणीला घर मिळालं ते आमच्या लॅबमधल्या मामांच्या शब्दावर, त्यांच्याच मजल्यावर. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदणी केलेलाच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा कराराची, नोंदणी सक्तीची आहे. भाडेकरू म्हणून तुमची माहिती पोलिसांकडे दिल्याची प्रतही मागून ठेवा.

शेजार

गावाकडे 'या, बसा' हे बोलणं सुरू होण्याआधीच होतं. इथे शेजारीण दारातच उभी राहून बोलते, आत बोलवत नाही. मला पहिले सहा महिने हे टोचत होतं. मग बीडीडी चाळीतल्या एका सहकाऱ्याच्या घरी गेले. 160 चौरस फुटांची खोली, त्यात पाच माणसं. एक जण रात्रपाळी करून झोपलेला, एका मुलाचा अभ्यास चाललेला. त्यांनी मला बसवण्यासाठी त्या मुलाला वह्यांसकट गॅलरीत पाठवलं. तेव्हा कळलं की इथे 'आत या' म्हणायचं तर घरातल्या कुणाला तरी बाहेर जावं लागतं.

म्हणून न कळवता जाऊ नका, फोन करा. संध्याकाळी सातला आलेल्या माणसाला निदान चेहरा धुऊ द्या. राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी शेजारच्या दोन-तीन दारांची बेल वाजवून नाव सांगा आणि पाणी किती वाजता येतं ते विचारा. पाण्याच्या प्रश्नाला मुंबईत कुणी तुटक उत्तर देत नाही. सणाला डबा पाठवा. तो रिकामा परत येणार नाही. गणपतीत इमारतीच्या किंवा गल्लीच्या मंडळात कामाला हात लावा. वर्गणी देऊन ओळख होत नाही. रात्री अकराला खुर्च्या उचलताना होते.

आणि घराची एक किल्ली शेजारी ठेवायची वेळ आली की ठेवा. माझी किल्ली समोरच्या काकूंकडे असते. त्या माझ्याशी फार बोलत नाहीत, अजूनही. पण माझ्या मुलाला ताप होता तेव्हा मी लोकलमध्ये अडकले, तर मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला डॉक्टरकडे नेऊन आणून वरणभात खाऊ घातला होता.

पहिला पावसाळा

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा इथे नव्हते, पण आमच्या लॅबमधल्या प्रत्येकाकडे त्या रात्रीची गोष्ट आहे: कुणाच्या तरी अनोळखी घरात झोपल्याची, कुणी बिस्किटांचे पुडे वाटत उभं असल्याची. ऑगस्ट 2020 मध्ये माटुंग्याला रस्त्यावर पाणी साचलं तेव्हा एका फुलं विकणाऱ्या बाईने पाणी जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं, आणि गाड्यांनी बाजूने जावं म्हणून ती तिथेच तासन्‌तास भिजत उभी राहिली.

जुलै-ऑगस्टमध्ये बॅगेत चार्जर, सुका खाऊ, औषधं आणि एक कोरडा ड्रेस ठेवा. भरतीची वेळ सकाळी बातम्यांत बघून निघा. गाड्या बंद पडल्या तर रुळांवरून एकट्याने चालू नका. रस्त्यावर पाणी असेल तर तिथल्याच माणसांच्या मागे, त्यांनी दोरी किंवा झाडाची फांदी लावून खूण केली असेल ती टाळून चाला. त्यांना गटारांची जागा माहीत असते. अडचण वाढली तर 112.

29 ऑगस्ट 2017 ला गाड्या बंद पडल्या आणि मी परळहून चालत निघाले. हिंदमाताला कमरेएवढं पाणी होतं. शीवच्या पुढे अंधार पडला. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात एक बाई टॉर्च घेऊन उभी होती आणि जाणाऱ्या बायकांना ओरडून सांगत होती, "कुठे चाललात मरायला? वर या!" तसाच आवाज, तशीच घाई. आम्ही नऊ जणी तिच्या घरी रात्रभर होतो. तिने कोरड्या साड्या दिल्या, खिचडी टाकली, आणि तिचा नवरा व दोन मुलं शेजाऱ्यांकडे झोपायला गेली.

तुमच्यावर अशी वेळ आली आणि कुणी वर बोलावलं तर जा. चपला दाराशी काढा, आधी घरी फोन करून कुठे आहात ते कळवा, आणि सकाळी निघताना त्या बाईचं नाव विचारून घ्या. आम्ही नऊ जणींपैकी कुणीच विचारलं नव्हतं.